मालकाचा वाटा

प्रिय सुजय,

चाकणची नोकरी सोडून भोसरीत स्वतःचं वर्कशॉप काढतोयस, हे ताईकडून कळलं. आनंद वाटला. लेथवर तुझा हात बसलाय, गिऱ्हाईक मिळेलच. पण पीएफ काढून मशीन घ्यायचं म्हणतोस, तिथे मात्र मावशी आडवी येणार. कारखान्याच्या अकाउंट्समध्ये इतकी वर्षं पीएफची चलनं भरतेय, तेवढा हक्क मला आहे.

पगाराच्या स्लिपवर तू कायम ‘कपात’ बघितलीस. त्यापलीकडे काय भरलं जात होतं ते बघ. तुझा मूळ पगार 15,000. त्याचे 12 टक्के, म्हणजे 1,800 रुपये, तुझ्याकडून पीएफला जातात. कंपनीही 1,800 भरते, पण त्यातले 1,250 पेन्शन योजनेत वळतात आणि पीएफला उरतात 550. पासबुकात कंपनीचा आकडा एवढासा का, त्याचं कारण हे. एकूण पगार 20,000, म्हणजे 21,000 च्या मर्यादेत, म्हणून ईएसआय लागू. त्यात तुझा पाऊण टक्का, कंपनीचे सव्वातीन टक्के: 150 आणि 650. नोकरीत असताना माणूस गेला तर वारसांना 7 लाखांपर्यंत देणारा विमाही पीएफसोबत असतो. त्याचा हप्ता कंपनीच भरते. सगळं धरून तुझ्यासाठी महिन्याला अडीच हजार मालकाच्या खिशातून जात होते.

आता मालक तूच. तो वाटा कोण भरणार?

नोकरीतली बचत तुझ्या शहाणपणावर सोडलेली नव्हती, म्हणून ती झाली. धंद्यात पहिल्याच मंदीच्या महिन्यात हप्ता चुकतो, मग चुकतच जातो. आजारी पडलास तर ईएसआय 70 टक्के मजुरी देत होतं, वर्षाला 91 दिवसांपर्यंत. वर्कशॉपला कुलूप लागलं की कोण देणार? ईएसआयचा आधार नोकरीनंतर काही महिन्यांत संपतो. त्याआधी कुटुंबाचा आरोग्य विमा घे; मशीन नंतर.

पीएफ राहू दे. पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते, तुझी सात झालीत. पेन्शनचे पैसे न काढता योजना प्रमाणपत्र घे. पुन्हा कधी नोकरी धरलीस तर ही सात वर्षं पुढे जोडली जातील.

स्वतःच्या कमाईवर जगणाऱ्यासाठी योजना आहेत, पण दार आपण ठोठावावं लागतं. अटल पेन्शनमध्ये तिसाव्या वर्षी शिरलास तर महिना 577 रुपये भरून साठीनंतर दरमहा 5,000 मिळतात. चाळिसाव्या वर्षी शिरलास तर त्याच पेन्शनला 1,454 लागतात, आणि चाळिशीनंतर दार बंद. प्राप्तिकर भरू लागलास तर नव्यानं शिरता येत नाही, म्हणून आत्ताच बघ. तीस वर्षांनी 5,000 ची किंमत ती काय राहणार, म्हणून जोडीला एनपीएस किंवा पीपीएफ हवंच. असंघटित कामगारांच्या श्रमयोगी मानधनमध्ये सरकार तुझ्याइतकाच वाटा घालतं, पण ती महिना 15,000 पर्यंत कमावणाऱ्यांसाठी आहे.

ठरलेला एक मालक नसला म्हणून मालकाचा वाटा बुडालाच पाहिजे असं नाही. वाशीच्या बाजारात माथाडी आज या गाळ्यावर, उद्या त्या गाळ्यावर पोती उचलतात. अण्णासाहेब पाटलांनी त्यांची संघटना बांधली, 1969 चा कायदा झाला, आणि माल ज्याचा, तो व्यापारी मजुरीवर लेव्ही माथाडी मंडळाकडे भरू लागला. पीएफ, ग्रॅच्युइटी, दवाखाना त्यातून चालतो. म्हणजे वाटा कामाच्या दरातच धरला जातो.

तेच तू कर. जॉबचं कोटेशन देताना माल, वीज, मजुरी लिहिशील, तसे त्या मजुरीवर 12 टक्के चढव. पैसे आले की तेवढे त्याच दिवशी वेगळ्या खात्यात. यानं दर परवडत नसेल, तर तो दर तुझं म्हातारपण विकून दिलेला असेल.

आणि एक. हाताखाली दोन पोरं ठेवणार आहेस. ईएसआय सहसा दहा माणसांना लागू होतं, पीएफ वीस माणसांना. दोघांसाठी तुला कुणी विचारायला येणार नाही. तरी त्यांच्या अटल पेन्शनचा निम्मा हप्ता तू भर. तुझ्या मालकाला कायद्यानं भरायला लावलं होतं. तू आपणहून भर.

तुझी,
मावशी