बाळूस, त्या पिवळ्या दिव्याबद्दल

काचीगुडा, हैदराबाद

प्रिय बाळू,

तुझ्याशी फोनवर बोलायला घेतलं की मधेच "आक्का, मीटिंग आहे" येतं, म्हणून लिहायला बसले. पत्र कुणाला असं तोडता येत नाही.

आधी एक कबूल कर, ड्रायव्हरवर रागावणार नाहीस. निंबोळीअड्ड्याला वळताना मीच त्याला विचारलं, समोर ते घसरणाऱ्या गाडीचं चित्र पिवळं का पेटलंय? तो म्हणाला, "अम्मा, ये बत्ती तो जलतीच रहती. साब बोले, छोड दो." छोड दो! सुलतान बाजारात घेतलेल्या चपलेचा पट्टा तुटला तेव्हा दुकानदाराला अर्धा तास धारेवर धरणारा माझा भाऊ तो तूच ना? लाखोंच्या गाडीपाशी तुझी वाचा कुठे जाते?

आणि "तुला गाडीतलं काय कळतं" हे म्हणू नकोस. जन्मभर पोरांना भौतिकशास्त्र शिकवलं मी, केंद्रापसारी बल फळ्यावर काढून काढून हात दुखले. त्या दिव्यामागे आहे काय, तर चारही चाकांचा वेग मोजणारे सेन्सर, स्टिअरिंग किती वळलंय ते सांगणारा एक, आणि गाडी स्वतःभोवती किती फिरतेय ते ओळखणारा एक. तुला जायचंय कुठे आणि गाडी निघालीय कुठे, हे संगणक सतत ताडून पाहतो. दोन्हींत तफावत पडली की नेमक्या एका चाकाला ब्रेक लावतो, इंजिनाचा जोर कमी करतो आणि गाडी रेषेवर आणतो. तुझा पाय ब्रेकवर जायच्या आत. दिवा लुकलुकला तर यंत्रणा काम करतेय. सतत जळत राहिला तर ती बंद आहे. साधा ब्रेक तसाच लागतो, म्हणून कुणाला फरक कळत नाही. पावसात, भर वेगात कुणी आडवं आलं की मगच कळतो, आणि आउटर रिंग रोडवर आता ताशी १२० ची मुभा आहे, तू तिथूनच रोज जातोस.

त्यात तुझी गाडी उंच. उंच गाडीचा गुरुत्वमध्य वर, ती आडवी घसरून कडेला अडकली की उलटायला वेळ लागत नाही. अमेरिकेच्या रस्तेसुरक्षा खात्याने ही यंत्रणा सक्तीची करताना हिशेब मांडला होता. एकट्या गाडीचे अपघात साध्या कारमध्ये ३४ टक्क्यांनी घटतील, एसयूव्हीमध्ये ५९ टक्क्यांनी. म्हणजे ज्याला सर्वांत जास्त गरज त्याच्याच गाडीत ती झोपलेली, आणि तू म्हणतोस छोड दो.

सर्व्हिस सेंटरवाले काय म्हणाले ते ड्रायव्हरने सांगितलं. कधी बॅटरी अशक्त, कधी अलाइनमेंट, कधी "सर, पाण्यातून गाडी घातली असेल." हैदराबादेत पावसाळ्यात पाण्यातून न जाणारी गाडी दाखवा म्हणावं! बॅटरी उतरली किंवा अलाइनमेंट केलं की स्टिअरिंगचा सेन्सर नव्याने जुळवावा लागतो, चाकापाशी वायर कुरतडली गेली तरी दिवा लागतो, हे खरं आहे. पण मग दोष शोधून दुरुस्त करा ना. स्कॅनर लावायचा, कोड पुसायचा, जॉब कार्डावर "ग्राहक समाधानी" लिहायचं आणि आठवड्याने दिवा पुन्हा हजर, याला दुरुस्ती म्हणतात? आणि त्या कार्डावर सही कुणाची आहे रे?

मला वाटतं तू गप्प का आहेस ते मला ठाऊक आहे. एवढी गाडी घेतली तेव्हा सगळ्या नातेवाइकांना पेढे वाटले. आता तिच्याबद्दल कुरकुर केली तर लोक म्हणतील, श्रीमंतांची दुखणी. नाहीतर म्हणतील, फसलास. तुला दुसरं जास्त बोचतं. आणि तिसरं एक आहे, ते मला तुझ्या बायकोच्या बोलण्यातून कळलं. तक्रार कागदावर आली तर विकताना भाव पडेल. म्हणजे तू ही गाडी दिवा पुसून कुणाला तरी विकणार आहेस. तो माणूस कोण असेल? त्याचीही पोरं मागच्या सीटवर बसतील ना? बाळू, हे लिहिताना मला खरंच वाईट वाटतंय. तू असा नाहीस.

कारण ही गाडी तू घेतलीस त्यात माझाही वाटा आहे, हे मी विसरले नाही. पहिली लांबची फेरी बासरची. माझ्या गुडघ्यांसाठी तू बाजूला पायरी बसवून घेतलीस आणि वाटभर एसीची हवा माझ्या पाठीवर येऊ नये म्हणून पदोपदी मागे वळून पाहत होतास. (समोर बघ, असं मी तेव्हाही ओरडले होते.) त्या दिवशी आपण सरस्वतीपुढे काय मागितलं ते एकमेकांना सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती.

एकटा काय करणार म्हणतोस? २०१० मध्ये अमेरिकेत लेक्ससच्या जीएक्स ४६० या महागड्या एसयूव्हीची एका ग्राहक मासिकाने चाचणी घेतली. वेगात वळताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की मागची बाजू बाहेर फेकली जायची आणि ही यंत्रणा उशिरा जागी व्हायची. गाडी घेऊ नका, असं त्यांनी छापलं. कंपनीने त्याच दिवशी विक्री थांबवली आणि आठवड्याच्या आत सुमारे ९,४०० गाड्या सॉफ्टवेअर बदलायला परत बोलावल्या.

आपल्याकडचंही ऐक, आपल्याच शहरातलं. जीव्हीआर इंडिया प्रोजेक्ट्सने सप्टेंबर २००९ मध्ये बीएमडब्ल्यूची ७ सिरीज घेतली, चार दिवसांत बिघाड दिसला. पोलिसांत तक्रार झाली. २०१२ मध्ये हायकोर्टाने गुन्हा रद्द केला, पण नवी गाडी द्या म्हणाले. बीएमडब्ल्यू गाडी द्यायला तयार, जीव्हीआरला व्याजासकट पैसे हवे होते. १० जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टाने ५० लाख द्यायला लावून ते मिटवलं. पंधरा वर्षं! तू म्हणशील, बघ, म्हणूनच नको. मी म्हणते, म्हणूनच आजपासून कागद नीट ठेव.

"गाडी फर्मच्या नावावर आहे, मी ग्राहक कसला?" हे तुझं पुढचं पालुपद असेल. त्या निकालाच्या आदल्याच दिवशी, ९ जुलैला, मर्सिडीजच्या प्रकरणात त्याच कोर्टाने सांगितलं की संचालकाच्या वापरासाठी कंपनीने घेतलेली गाडी तेवढ्यावरून व्यापारी ठरत नाही. आणि माझा सर्वांत लाडका निकाल २०२२ चा. क्रेटा आदळली, एअरबॅग उघडली नाही, कंपनी म्हणाली धक्का तेवढा जोराचा नव्हता. कोर्ट म्हणालं, ग्राहक काही पदार्थविज्ञानाचा तज्ज्ञ नसतो, वेग आणि बलाची गणितं त्याने करायची नसतात. माझ्यासारखीला जरा अपमानच वाटला, पण तुझ्यासाठी बरं झालं. तुला भौतिकशास्त्रात किती मिळायचे ते मी बोलत नाही.

तुझी गाडी ५० लाखांच्या वरची, म्हणून जिल्ह्याऐवजी राज्य ग्राहक आयोग, खैरताबादला. किंमत कोटीच्या आत, तेव्हा फी २,००० रुपये. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, आणि ती चालू आहे. शिवाय एप्रिल २०२१ पासून केंद्राचा नियम आहे. एकाच मॉडेलच्या तक्रारी ठरावीक आकड्यापर्यंत गेल्या की सरकार सात वर्षांच्या आतल्या गाड्या परत बोलवायला लावू शकतं, दंड एक कोटीपर्यंत. तो आकडा विक्रीवर ठरतो. तुझ्यासारख्या गाड्या विकल्याच कमी जातात, मग तिथे एकेका तक्रारीला किती वजन असेल? तू गप्प बसलास की त्या आकड्यातून एक वजा. बाकीचे मालकही पेढे वाटून बसलेत, हे गृहीत धर.

तेव्हा येत्या रविवारी ये. सगळी जॉब कार्डं, बिलं, वॉरंटीचं पुस्तक आण. ड्रायव्हरला सांग, दिवा लागलेला असताना किलोमीटरचा आकडा दिसेल असा फोटो काढून ठेव, आणि कोड पुसू देऊ नको. कंपनीला जायचं पत्र आपण दोघं बसून लिहू. मराठीत भांडण कसं करायचं ते मी सांगते, इंग्रजी तू कर.

गाडी मात्र घरीच ठेव. लिंगमपल्लीहून एमएमटीएस थेट काचीगुड्याला येते. स्टेशनवरून चालत ये, पोट जरा उतरेल. येताना बाजारातून काही आणू नकोस, मागच्या खेपेचं अजून संपलेलं नाही.

तुझी,
आक्का