मोखाड्याच्या वाटेवर गोदूताई

त्र्यंबकेश्वर मागे पडलं की तोरंगणचा घाट लागतो आणि एसटी मोखाड्याकडे उतरते. दिवाळी नुकतीच सरली आहे. उतारावरची नागली काढून झाली आणि थांब्याथांब्यावर तान्ही पोरं, पातेली, गोधड्यांची गाठोडी घेऊन कुटुंबच्या कुटुंबं उभी आहेत. वीटभट्टीवर निघालेली. पावसाळ्यात घेतलेली उचल आता अंगमेहनतीनं फेडायची.

अशा वेळी मला वेठीविरुद्ध वारली आदिवासींना उभं करणाऱ्या गोदावरी परुळेकर, म्हणजे गोदूताई, आठवतात. माहेरच्या गोखले, वडील पुण्यातले नामांकित वकील. स्वतः महाराष्ट्रातल्या पहिल्या स्त्री कायदा-पदवीधर. पती शामराव 1937 साली आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेत गेले. दुसऱ्याच वर्षी खोतीविरुद्ध हजारो शेतकरी मुंबईत विधिमंडळावर चालून आले, त्या मोर्चाच्या पुढाऱ्यांत हे आमदारही होते.

ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांत हे दोघं आले, तेव्हा लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको जमीनदाराचे 'लग्नगडी' होऊन राबत. वेठ निराळीच. या वेठीला कायद्याचा आधार नाही, हे पाड्यापाड्यांवर सांगत फिरणं, हीच गोदूताईंची खरी वकिली, असं मी मानतो. 23 मे 1945 रोजी झरी गावात हजारो वारली जमले आणि वेठ करायची नाही असं ठरलं. पाठोपाठ गवतकापणीचा संप झाला. मागणी पाचशे पौंडांना अडीच रुपये. 10 ऑक्टोबरला तलवाड्यात पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पाच जण गेले, त्यांत जेठ्या गांगड.

जव्हारला उतरल्यावर लोक कौतुकानं मुकण्यांचा जयविलास राजवाडा दाखवतात, सुरतेच्या वाटेवर शिवाजी महाराज थांबले ते शिरपामाळ दाखवतात. 1948 पर्यंत जव्हार हे मुकण्यांचं संस्थान होतं. ते सगळं पाहावंच. पण या मुलुखाचा सर्वांत मोठा दिवस मला झरीचाच वाटतो.

शामराव 1957 मध्ये ठाण्यातून लोकसभेवर गेले आणि 1965 मध्ये स्थानबद्धतेतच वारले. गोदूताईंनी 'जेव्हा माणूस जागा होतो' लिहून तो सारा काळ नोंदवून ठेवला. 1976 साली वेठबिगारी कायद्यानं बंद झाली. तरीही भर पावसात, घरातली नागली संपते तेव्हा, वीटभट्टीचा मुकादम रोख पैसे घेऊन पाड्यावर येतो. त्या दिवसांत रोजगार हमीचं काम निघालं आणि मजुरी आठवड्याच्या आठवड्याला हातात पडली, तर त्याच्यापुढे हात पसरायची वेळ किती घरांवर येईल?