दहा मिनिटांचं देणं

ज्या बाईंचं ऋण मी मानतो, त्यांनी माझा जीव वगैरे वाचवलेला नाही. त्यांच्याशी माझा सगळा संबंध एका दोन दिवसांच्या कोर्सपुरता. तरी हिवाळा लागला, बर्फ साठायला लागला की आठवण येते ती त्यांचीच.

नोकरीसाठी मी सांगलीहून कॅलगरीला आलो. ऑफिसातले काहीजण शुक्रवारी संध्याकाळी ट्रेलरवर स्नोमोबाइल चढवायचे आणि ब्रिटिश कोलंबियातल्या रेव्हलस्टोकला निघायचे. मलाही न्या, असा मी धोशा लावला. त्यांच्यातला वडीलधारा गडी म्हणाला, ‘‘आधी हिमस्खलनाचा कोर्स कर.’’ मी सह्याद्रीतली माझी भटकंती ऐकवली. जपून राहीन, असंही सांगितलं. तो म्हणाला, ‘‘तू राहशील रे जपून. पण मी गाडला गेलो तर मला बाहेर कोण काढणार?’’

ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. नाव नोंदवलं.

बाई साठीच्या आसपासच्या, उन्हाने आणि वाऱ्याने रापलेल्या. वर्गात बहुतेक तरणी पोरं, नव्या मशिनांच्या गप्पांत रंगलेली. बाईंनी सुरुवातीलाच एक ट्रान्सीव्हर (अंगावर बांधायचं, हाक देणारं आणि ऐकणारं यंत्र), एक घडीचा प्रोब (बर्फात खुपसायची लांब काठी) आणि एक फावडं टेबलावर मांडलं आणि विचारलं, ‘‘ह्यातलं स्वतःला बाहेर काढायला काय उपयोगी पडेल?’’ पोरांनी बरीच डोकी खाजवली. काहीच नाही. गाडल्या गेलेल्या माणसाला बोटसुद्धा हलवता येत नाही. वाहताना मऊ वाटणारा बर्फ थांबला की आवळून घट्ट होतो. तुमचा ट्रान्सीव्हर ४५७ किलोहर्ट्झवर नुसता हाका मारत राहतो. त्या ऐकायच्या दुसऱ्याने, प्रोब खुपसायचा दुसऱ्याने, खणायचंही दुसऱ्याने. पाठीवरचं फावडं सोबत्याचं असतं आणि आपलं त्याच्या पाठीवर.

मग त्यांनी आकडे सांगितले. कॅनडातल्या नोंदींच्या अभ्यासानुसार पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी दहातले नऊ जगतात, त्यानंतर आलेख कड्यावरून पडावा तसा पडतो. हेलिकॉप्टर दहा मिनिटांत येत नाही. त्यामुळे बचाव पथक म्हणजे तिथं हजर असलेली माणसं.

ह्या विषयावर बाई गोष्टी रंगवून सांगत नसत. २८ डिसेंबर २००८ ला फर्नीजवळ स्पारवुड गावातल्या स्नोमोबाइलवाल्यांवर बर्फ कोसळला. जवळच असलेले त्यांचे सोबती खणायला धावले, तर त्यांच्यावर दुसरा लोट आला. अकरापैकी आठ गेले. एवढं सांगून त्या म्हणाल्या, ‘‘धावण्याआधी वर बघायचं. वर अजून काय लटकलंय?’’ रेव्हलस्टोकच्याच बोल्डर माउंटनवर १३ मार्च २०१० ला स्नोमोबाइलच्या चढाईची गंमत बघायला जमलेल्या मोठ्या गर्दीवर हिमस्खलन झालं. दोघांचा मृत्यू झाला, तीसेक जखमी झाले. त्यावरून त्यांनी मशिन कुठं उभं करायचं हे शिकवलं. उताराच्या पायथ्याशी, जिथून तमाशा छान दिसतो, तिथं नाहीच. बाजूला, सुरक्षित जागी, तोंड पळवाटेकडे करून.

दुसऱ्या दिवशी डोंगरात गेल्यावर बाईंनी इंजिनं बंद करायला लावली आणि सगळ्यांना खाली उतरवून चालायला सांगितलं. पोरं कुरकुरली. पण स्कीवाल्याला पायाखालचा बर्फ दबताना ‘धप्प’ असा आवाज येतो, भेगा पळताना दिसतात. दोनशे किलोच्या वर वजनाच्या गरजणाऱ्या मशिनवर बसलेल्याला ह्यातलं काहीच कळत नाही. त्यात तो एका दिवसात इतके उतार ओलांडतो की स्कीवाल्याला आठवडा लागावा. म्हणून मधूनमधून थांबायचं, उतरायचं, बर्फाला विचारायचं.

त्यांनी खणलेल्या खड्ड्याच्या भिंतीत एक करडी रेघ दिसत होती. थंड, निरभ्र रात्री पृष्ठभागावर धरलेला हिमतुषार, त्यावर नंतरचा बर्फ साचून गाडला गेलेला. मोहरी सांडलेल्या फरशीवर पाट ठेवावा, तशी वरच्या थराची अवस्था. बर्फाचा खांब कापून त्यावर फावडं ठेवायचं आणि थापा मारायच्या : दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. आमचा खांब कोपराच्या थापांवर घसरला. तीस ते पंचेचाळीस अंशांचे उतार सगळ्यात घातक, म्हणजे नेमके स्नोमोबाइलवाल्यांच्या आवडीचे.

मग ट्रान्सीव्हर घालून पुरलेली पिशवी शोधायचा सराव. बाई घड्याळ घेऊन उभ्या. फोन आणि तापणारे हातमोजे ट्रान्सीव्हरपासून लांब, नाहीतर ते गोंधळ घालतात. प्रोब लागला की तो तसाच ठेवायचा आणि उताराच्या खालच्या बाजूने आत खणत जायचं, कारण वरून खणलं तर गाडलेल्याची श्वासापुरती पोकळीच तुडवली जाते. पुढचा दमला की मागच्याने जागा घ्यायची. आणि फावडं पाठीवरच हवं, मशिनला बांधलेलं नको. मशिनही गाडलं जातंच की. हे त्यांनी इतक्यांदा घोकून घेतलं की शेवटी पोरंच त्यांच्या सुरात म्हणू लागली.

पुढे एका मोसमात आमच्यातला एकजण उतारावर उंच चढत गेला आणि वर रुतला. अशा वेळी मदतीला जावंसं वाटतं. ती माणुसकीच असते. माझं बोट थ्रॉटलवर गेलंही. पण एका उतारावर एका वेळी एकच, हे बाईंचं कलम. आम्ही बाजूला थांबलो, त्याच्यावरची नजर न हलवता. त्याने एकट्याने, शिव्या देत, मशिन उकरून काढलं आणि खाली आला. खूप वेळ आमच्याशी बोलला नाही. तो उतार सुटला नाही. आम्ही वर गेलो असतो तर सुटला असता का, हे कुणीच सांगू शकत नाही. ह्या विद्येचं हेच अवघड आहे, तिचं यश कधी दिसतच नाही आणि अपयशाची बातमी होते. म्हणूनच ती शिकवणाऱ्यांचे आभार मानायला कुणी जात नाही.

मी बाईंना ईमेल लिहिलं. बरंच लांबलं. तो उतार, तो रुतलेला मित्र, माझं थांबलेलं बोट, सगळं लिहिलं. मराठी माणसाला शोभेल इतकं भावुकही झालं असावं. चार दिवसांनी उत्तर आलं. तुम्ही सगळे घरी गेलात हे छान, असं एक वाक्य. खाली दुसरं : ‘‘मोसम संपला की ट्रान्सीव्हरमधल्या बॅटऱ्या काढून ठेवतोस ना? उन्हाळ्यात त्या गळतात.’’

काढल्या नव्हत्या. उठून काढल्या, आणि रुतलेल्या त्या मित्रालाही फोन करून काढायला लावल्या.