पेल्यातील रिकामी जागा

पाहुण्यापुढे ठेवायचे भांडे काठोकाठ भरलेले असावे, किंबहुना भरता भरता चार थेंब खाली सांडावेत, असा ज्या मुलखात आदरातिथ्याचा शिरस्ता आहे, त्या मुलखातील माणसाला वाइनचा पेला प्रथमदर्शनी कद्रूपणाचा नमुना वाटला तर नवल नाही. लांब, सडपातळ दांड्यावर तोललेले काचेचे ते भले थोरले पोट, आणि तळाशी चूळ भरण्यापुरती वाइन! नाशिककडच्या द्राक्षमळ्यांत आता चव घेणाऱ्यांची वर्दळ असते, तेथे ‘एवढीच?’ अशा मुद्रेने वाढप्याकडे पाहणारे गृहस्थ मी पाहिले आहेत, आणि त्यांची तक्रार मला मनातल्या मनात रास्तही वाटली आहे. परंतु पेल्याच्या आकाराचा सारा कारभार भरलेल्या भागात चालत नसून वरच्या रिकाम्या भागात चालतो, हे एकदा ध्यानी आले म्हणजे त्या वाढप्यावरचा कद्रूपणाचा आरोप काढून घ्यावा लागतो.

जिभेची मामलत तशी फार आखूड. गोड, आंबट, खारट, कडू आणि ‘उमामी’ म्हणतात ती मांसरसासारखी रुची, एवढ्या पाच बाबींवर तिचा अंमल. बाकी ज्या असंख्य छटांसाठी वाइनचे स्तुतिपाठक विशेषणे शोधत असतात त्या सर्व नाकाच्या इलाख्यातील, आणि त्याही दोन वाटांनी येणाऱ्या: एक घोटापूर्वी समोरून, दुसरी घोट गिळताना घशामागून वर चढणारी. पडसे आले म्हणजे उत्तम हापूससुद्धा नुसता गोड लागतो, तो याच कारणाने. आता, गंधद्रव्ये उडतात ती द्रवाच्या पृष्ठभागावरून. तो विस्तीर्ण असेल तर अधिक उडतात, पण उडालेला गंध बाहेर निसटू द्यायचा नसेल तर वरचे तोंड आवळलेले हवे. खाली रुंद, वर निमुळता, या आकृतीचे मर्म एवढेच. दांडा दोन बोटांत धरून मनगटाने हलकेच घेर दिला की वाइन काचेच्या भिंतीवर चढते, तिचा पातळ पापुद्रा आतून चोहीकडे पसरतो, मग तो सावकाश धारांनी खाली ओघळू लागतो, आणि तेवढ्या अवधीत गंध सोडणारा पृष्ठभाग कितीतरी वाढलेला असतो. भरलेल्या पेल्यात हाच प्रयोग केला तर सदरा धोब्याकडे जातो. वाइनच्या परीक्षकांसाठी 1977 साली आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने जो पेला मुक्रर केला, त्याचे पोट 65 मिलिमीटर आणि तोंड 46. मावते सुमारे 215 मिलिलिटर, ओतायची अवघी 50. म्हणजे पाऊण हिश्शाहून अधिक जागा कायदेशीर रीत्या रिकामी!

या रिकाम्या जागेच्या शिल्पकारांत ऑस्ट्रियातील क्लाउस रीडेल याचे नाव सर्वतोमुखी आहे. हा बोहेमियातील पिढीजात काचकाम करणाऱ्या घराण्याचा वंशज. दुसऱ्या महायुद्धाने कारखाना हिरावला, वडील वाल्टर यांना सोव्हिएत रशियात नेण्यात आले, स्वतः क्लाउसने कैद्यांच्या आगगाडीतून उडी टाकली, आणि अखेर 1956 साली स्वारोव्स्की कुटुंबाच्या साहाय्याने पितापुत्रांनी टिरोलमधील कुफस्टाइन येथे काचेची भट्टी नव्याने चालविण्यास घेतली. तोवर युरोपातील तालेवार घरांत पेला म्हणजे प्राधान्याने शोभेची वस्तू: जाड, रंगीत, पैलू पाडलेली. क्लाउसने रंग काढून टाकला, पैलू काढून टाकले, काच पातळ केली, आणि 1958 साली बर्गंडीच्या तांबड्या वाइनसाठी लिटरभर द्रव मावेल असा, ओठाशी किंचित बाहेर वळलेला एक पेला घडविला, जो पुढे न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात जाऊन बसला. 1973 साली त्याने निरनिराळ्या वाइनींसाठी निरनिराळ्या आकारांची मालिकाच बाजारात आणली. अलंकार उतरवून वस्तूला तिच्या कामापुरते ठेवणे, हे मला त्या माणसाचे खरे मोठेपण वाटते.

पण या पेल्यांच्या समर्थनार्थ जे शास्त्र सांगण्यात येऊ लागले, ते मात्र खोट्या दस्तऐवजावर उभे होते. पेल्याच्या ओठाची ठेवण घोटाला जिभेच्या ठरावीक भागावर नेऊन सोडते, शेंड्यावर गोड, कडांना आंबट, मुळाशी कडू, आणि त्यामुळे चव पालटते, असा तो युक्तिवाद. जिभेचा हा नकाशा आपणही शाळेत गिरविलेला आहे. त्याचे मूळ 1901 साली डेव्हिड हेनिग या जर्मन संशोधकाने मोजलेल्या अत्यल्प फरकांत आहे. 1942 मध्ये एडविन बोरिंग याने ते फरक आपल्या ग्रंथातील आलेखात अशा रीतीने मांडले की वाचणाऱ्याला जिभेचे चक्क प्रांत पडलेले दिसावेत. आणि 1974 साली व्हर्जिनिया कॉलिंग्ज हिने पुन्हा मोजणी केली तेव्हा ते फरक नगण्य असल्याचे सिद्ध झाले. चव घेणाऱ्या जिभेच्या प्रत्येक भागाला पाचही रुची कळतात. मौज अशी, की दाखला रद्दबातल ठरला तरी पेला काही वाईट ठरला नाही. त्याची साक्ष चुकीच्या इंद्रियाकडून घेतली गेली होती, एवढेच.

नाकाच्या बाजूची साक्ष मिळाली ती जपानमध्ये. टोकियोच्या वैद्यकीय व दंत विद्यापीठातील कोजी मित्सुबायाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पेल्याच्या तोंडावर एक जाळी ठेवली. तिच्यात मुरविलेल्या विकरांशी मद्यार्काची वाफ संयोग पावली की मंद प्रकाश उमटे, आणि तो कॅमेरा टिपून घेई. म्हणजे डोळ्यांना कधीही न दिसणारी ती रिकामी जागा प्रथमच दृश्य झाली. 13 अंश तापमानाला वाइनच्या पेल्यात मद्यार्काची वाफ कडेकडेने वर्तुळाकार चढत होती आणि मध्यभाग विरळ राहत होता, असे दिसले; नाक मध्यभागी गेले की झणका टळून सुगंध तेवढा हाती लागावा, अशी ती व्यवस्था. सरळ भिंतीच्या ग्लासात किंवा मार्टिनीच्या पसरट पेल्यात असे वर्तुळ उमटले नाही. वाइन 25 अंशांवर नेली तेव्हा मात्र पेला तोच असूनही मध्यभाग वाफेने भरून गेला. तेव्हा वैशाखात थंड न करता वाढलेल्या वाइनबद्दल पेल्याला बोल लावण्यात अर्थ नाही.

शॅम्पेनच्या बाबतीत प्रकरण अधिक गुंतागुंतीचे. जुन्या चित्रपटांतून दिसणारा तिचा उथळ, पसरट पेला फ्रान्सच्या राणीच्या वक्षावरून घडविल्याची आख्यायिका रंगेल असली तरी निराधार आहे. चहा बशीत ओतला म्हणजे लवकर निवतो आणि त्याचा वासही लवकर उडतो. तीच गत त्या पेल्यात शॅम्पेनच्या बुडबुड्यांची होते. उलट उंच, अरुंद ‘फ्लूट’मध्ये, रॅंस विद्यापीठातील जेरार लिझे-बेलेर व सहकाऱ्यांनी 2012 साली दाखविल्याप्रमाणे, कार्बन डायऑक्साइड वायू तोंडाशी दाट साचतो आणि नाकात झिणझिण्या आणतो, ज्यामुळे मूळचा सुगंध झाकोळतो. मध्यममार्गी, ट्यूलिपच्या घाटाचा पेला हल्ली तेथील जाणत्यांना पसंत पडू लागला आहे, तो यामुळेच.

आता प्रत्येक द्राक्षजातीला निराळा पेला हवा, हा व्यापाऱ्यांचा आग्रह मला मान्य नाही. परीक्षकांना पेला दिसू दिला नाही, त्याला हात लावू दिला नाही, अशा स्थितीत नुसता वास देऊन घेतलेल्या एका अमेरिकन चाचणीत आकाराचा प्रभाव आढळला, पण तो सूक्ष्म. पेला दिसत असताना जो चमत्कार वाटतो, त्यातला मोठा हिस्सा अपेक्षेचा असावा. घरात ट्यूलिपच्या घाटाचे, पातळ ओठाचे सहा पेले असले की तांबड्या-पांढऱ्या दोहोंची सोय होते. बाकीच्या पेल्यांचे वाचलेल्या पैशात एखादी बरी बाटली येईल.

मात्र ते पेले ठेवावेत कसे, यावर दुमत होऊ नये. आपल्याकडे भांडे धुतले की फडताळात पालथे घालायचे. वाइनचा पेला पालथा घातला तर ती रिकामी जागा महिनाभर लाकडाचा, डांबराच्या गोळ्यांचा आणि खाली अंथरलेल्या वर्तमानपत्राचा वास कोंडून ठेवते, आणि मग कितीही मोलाची वाइन ओतली तरी पहिला वास फडताळाचाच येतो. म्हणून पेला उभा ठेवावा, बेताच्या साबणाने धुऊन भरपूर पाण्याने विसळावा, आणि ओतण्यापूर्वी तसाच, रिकामा, एकदा नाकाला लावून पाहावा. हॉटेलात हे केले की वाढपी चमकून पाहतो. त्याच्या खांद्यावरच्या फडक्याने पेला नुकताच पुसलेला असेल, तर त्याने चमकलेलेच बरे.