जुनी बरी की नवी?

बालमित्रांनो, मोटारींच्या चित्रांचे पत्ते तुम्ही नक्कीच खेळला असाल. वर गाडीचं चित्र, खाली तिचा वेग, वजन आणि अश्वशक्ती. ज्याचा आकडा मोठा, त्याने दुसऱ्याचा पत्ता घ्यायचा. सोपं काम! पण मोटारींची आवड असलेली मोठी माणसं एकत्र आली की काय होतं, ठाऊक आहे? तिथे सगळ्यांना आकडे तोंडपाठ असतात आणि तरीही भांडण मिटत नाही. विषय ठरलेला : स्पोर्ट्स कार जुनी बरी की नवी?

मी चौथीच्या वर्गाला शिकवते आणि शाळेत स्कूटरवरून जाते. पण डी.एड.ला असताना रद्दीच्या दुकानात मोटारींची जुनी मासिकं सापडली आणि हे वेड लागलं ते लागलंच. त्यात चित्रांपेक्षाही मला वाचकांची पत्रं आवडायची. काय ती तावातावाने लिहिलेली! आज त्यांतलाच एक गाजलेला वाद सांगते.

जर्मनीतल्या पोर्शे कंपनीने १९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात एक गाडी मांडली. तिचं नाव होतं ९०१. पण मधे शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर फ्रान्सच्या प्यूजो कंपनीने हक्क सांगितला, म्हणून ती झाली ९११. तिचं इंजिन मागच्या बाजूला होतं आणि ते हवेने थंड व्हायचं. मोटरसायकलच्या इंजिनावर पातळ पट्ट्यांची चळत पाहिलीत ना? वारा लागून इंजिन गार राहावं म्हणून ती असते. ९११ मधे हे काम मोठ्या पंख्याच्या वाऱ्यावर चालायचं. त्या इंजिनाच्या आवाजावर लोक अक्षरशः जीव टाकत.

मग १९९७ साली कंपनीने नवी ९११ आणली. तिचं इंजिन पाण्याने थंड होणारं! आवाज आणि धूर यांबद्दलचे नियम कडक होत चालले होते. पाण्याने इंजिनाचं तापमान नीट आवरता येतं, आवाजही कमी होतो. कारण अगदी रास्त होतं. पण चाहते खवळले. “ही आमची ९११ नव्हेच!” असं म्हणू लागले. पुढच्या दिव्यांचा आकारही बदलला होता. त्यांना तर लोकांनी तव्यावर फोडलेल्या अंड्याची उपमा दिली.

आता आपण जरा गणित करू या. पहिल्या ९११ ची ताकद १३० अश्वशक्ती आणि वजन साधारण १०८० किलो. २०१९ सालच्या ९११ कॅरेराची ताकद ३८५ अश्वशक्ती आणि वजन साधारण १५०० किलो. भागाकार करा बघू! जुन्या गाडीत एका अश्वशक्तीला सुमारे ८ किलो वजन ओढावं लागे. नवीत ४ किलोच्याही आत. जुनीचा सर्वांत जास्त वेग ताशी सुमारे २१० किलोमीटर, नवीचा २९३. म्हणजे पत्त्यांच्या खेळात नवीच जिंकली. मग वाद संपला?

छे! कारण जुनीचे चाहते वेग मोजतच नाहीत. ते मजा मोजतात. जपानच्या माझदा कंपनीने १९८९ साली एमएक्स-५ नावाची दोन माणसांची छोटी गाडी आणली. ताकद बेताची, वजन हजार किलोच्या आत. जुन्या हलक्या इंग्लिश गाड्यांसारखी गंमत देणारी गाडी बनवायची, हा तिच्या कर्त्यांचा ध्यास. घोडा आणि स्वार एकजीव व्हावेत, अशी एक जपानी कल्पना त्यांनी डोळ्यांपुढे ठेवली होती. पक्की मांड असलेल्या स्वाराने नुसता लगाम हलवला की घोडा वळतो ना, तसं. २०१६ पर्यंत अशा दहा लाख गाड्या तयार झाल्या!

माझ्या वर्गातले दोन जिवलग मित्र एका पत्त्यावरून चक्क आठवडाभर बोलत नव्हते. एक म्हणे, “माझी गाडी भारी, कारण ती पळते.” दुसरा म्हणे, “माझी भारी, कारण ती सुंदर आहे.” मी विचारलं, “अरे, एकाच्या हातात फूटपट्टी, दुसऱ्याच्या हातात तराजू. मग उत्तर जुळणार कसं?” दोघेही हसले. गट्टी झाली.

पण मित्रांनो, एक गोष्ट मात्र मला खटकते. १९७५ सालच्या ९११ टर्बोला ‘विधवा करणारी गाडी’ असं टोपणनाव पडलं होतं. तिची ताकद थोडी उशिरा आणि मग एकदम यायची. वजन मागे. भर वळणावर घाबरून पाय उचलला की गाडीची शेपटी बाहेर फेकली जाई. काही चाहते हे टोपणनाव कौतुकाने सांगतात. “ती चालवायला छाती लागायची,” म्हणतात. पण शब्दाचा अर्थ बघा ना! त्यात कुणाच्या तरी घरातलं माणूस परत न येणं आहे. आजच्या गाड्यांत हवेच्या पिशव्या असतात, घसरणारी चाकं सावरणारी यंत्रणा असते. जुनीवर प्रेम जरूर करावं, पण तिचा हा दोष झाकून नव्हे.

आता तर विजेच्या गाड्या आल्या आहेत. क्रोएशियाच्या रिमात्स कंपनीची २०२१ सालची नेवेरा दोन सेकंदांच्या आत ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठते. इंजिनाची डरकाळी मात्र नाही. झालं, चाहते पुन्हा हळहळू लागले! पालकहो, ‘आमच्या वेळी’ असं आपणही म्हणतोच की. मुलं हसली तर रागावू नका. आपल्या वेळचं नेमकं काय चांगलं होतं आणि काय नव्हतं, दोन्ही सांगा.

आणि तुम्ही बालमित्रांनो, या रविवारी आजोबांना किंवा आजीला त्यांच्या पहिल्या वाहनाबद्दल विचारा. सायकल असली तरी चालेल. वहीचं एक पान घेऊन मधे रेघ मारा. डावीकडे ‘तेव्हाचं बरं’, उजवीकडे ‘आत्ताचं बरं’. आणि प्रत्येक ओळीपुढे ‘कशामुळे?’ ते लिहायला विसरू नका हं!