सिडला सर्व्हरवर बसवू नका!

ऑफिसात मला सगळे ‘काका’ म्हणतात. वय वर्षं एकतीस. कारण एवढंच, की माझ्या सर्व्हरवर कायम ‘जुनं’ सॉफ्टवेअर असतं.

मी काही जन्मजात काका नाही हं! नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका हॉस्पिटलच्या लॅबचा सर्व्हर माझ्याकडे होता. त्यावर डेबियन लिनक्सची ‘स्टेबल’ आवृत्ती. मला मात्र डेटाबेसचं अगदी ताजं व्हर्जन हवं होतं. मग काय, शनिवारी रात्री ते थेट ‘अनस्टेबल’मधून खेचलं. त्याच्यापाठोपाठ बाकीच्या लायब्रऱ्याही बदलत गेल्या. अशा खिचडीला डेबियनवाले ‘फ्रँकनडेबियन’ म्हणतात, हे मला नंतर कळलं. रिपोर्ट छापणारा प्रोग्रॅम उठेचना. लॅबमधली ताई पहाटेपर्यंत हाताने आकडे लिहून वॉर्डात पळत होती. मध्येच फोनवर म्हणाली, ‘‘दादा, आयसीयूतला पेशंट आहे. किती वेळ लागेल अजून?’’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. सीनियर आला, त्याने बॅकअप चढवला आणि एक शब्द न बोलता निघून गेला. शिव्या घातल्या असत्या, तर बरं वाटलं असतं.

त्या रात्री एक गोष्ट डोक्यात बसली. स्टेबल म्हणजे बग नसलेलं नव्हे. स्टेबल म्हणजे सारखं न बदलणारं. साधारण दोन वर्षांनी नवी आवृत्ती येते. मग त्यातली व्हर्जन्स तिथंच थांबतात आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या जुन्या व्हर्जनमध्येच बसवून मिळतात. दोष असतात, पण ओळखीचे. डेबियनच्या आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’तल्या पात्रांची नावं देतात. अनस्टेबलचं नाव मात्र कायम एकच, सिड. खेळणी मोडणारा तो शेजारचा पोरगा!

मग सिड वाईट का? छे! मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’च्या ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जनमध्ये कुणीतरी मुद्दाम चोरवाट पेरल्याचं उघड झालं. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला ती सापडली कशी, तर सिडवर लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागत होता म्हणून! चोरवाट सिडमध्ये शिरली होती, स्टेबलपर्यंत पोचली नव्हती. कुणीतरी सिडवर पाय रोवून उभं असतं, म्हणून आपण स्टेबलवर निवांत झोपतो.

म्हणून माझ्या लॅपटॉपवर आज सिडच आहे. मोडला, तर रविवारी चहा घेत जोडत बसतो. तिथं कुणी रिपोर्टची वाट बघत नसतं.

ऑगस्ट २०२५ मध्ये ‘ट्रिक्सी’ ही नवी स्टेबल आली. टीममधला नवा पोरगा लगेच म्हणाला, ‘‘काका, आजच चढवू?’’

म्हटलं, ‘‘आधी टेस्ट सर्व्हरवर. आणि हो, शनिवारी रात्री तर मुळीच नाही.’’