वळूची आई

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत देवणी वळू उभा असला की माणसं आधी त्याच्या वशिंडावर हात ठेवतात. मग मान, पोळी, अंगावरची चकाकी. वीस वर्षांपूर्वी मीही तेच केलं. तोंडाला दोन्ही बाजूंनी काळा, बाकी पांढराशुभ्र, असा वानेरा खोंड पिंपळगाव रेणुकाईला आणला. गावातली माणसं मुद्दाम गोठ्यावर येऊन बघून गेली. त्याचे गोऱ्हेही देखणे निघाले आणि मी हुरळून गेलो.

वळू निवडताना झालेली चूक लवकर कळत नाही, हेच या कामातलं अवघड आहे. गाय भरवली की सव्वानऊ महिन्यांनी कालवड होते. ती माजावर यायला तीन वर्षं लागतात, मग पुन्हा सव्वानऊ महिने. साडेचार वर्षांनी मी त्या वळूच्या पहिल्या लेकीच्या कासेखाली बसलो. सड जाड, आखूड, चिमटीत धरवेनात. दूध वासरालाही पुरेना. तोवर तशाच पाच कालवडी दावणीला होत्या. खाण तशी माती म्हणतो आपण, पण मी खाण बघितलीच नव्हती.

त्यानंतर मी वळू बघायला जातो तो त्याची आई बघायला. उदगीरकडच्या एका वस्तीवर असाच गेलो होतो. खोंड दुदाती, नजरेत भरणारा. मी विचारलं, "मामा, याची माय कुठंय?"

"ती इकायची नाही, भाऊ."

"इकत नका देऊ. धार काढताना बघू द्या."

दिवेलागणीपर्यंत बसून राहिलो. मामींनी गाईच्या पाठीवर नुसता हात फिरवला. ना मागचे पाय बांधायला भाला घातला, ना पेंड पुढं ठेवली. सहा वेतं झालेली गाय, तरी चारही सड सारखे, बोटभर लांब. धार संपल्यावर कास रिकाम्या पिशवीसारखी मऊ पडली, कुठं गाठ नाही. वासरू सोडलं तसं ते ढुशा देऊ लागलं, गाय हलली नाही. त्या खोंडाचा सौदा माझ्या मनात तिथंच झाला.

खोंड मग तपासायचाच. मी त्याला मुरमाड वाटेवर चालवून बघतो. पुढच्या पायाच्या ठशावर मागचा पाय पडला पाहिजे. खूर काळे आणि घट्ट हवेत. मागून बघितलं तर दोन्ही वृषणं सारखी, लोंबती आणि भरलेली हवीत. सांसर्गिक गर्भपाताची रक्ततपासणी डॉक्टरांकडून करून घ्यावी, त्यात भीड धरू नये. तो रोग मुख्यतः गाभ टाकलेल्या गाईच्या वारेतून आणि स्रावातून पसरतो, पण बाधित वळूही तो लावू शकतो.

अमेरिका-ऑस्ट्रेलियात मांसासाठी कळप पाळणारे वासराचं जन्माचं आणि दूध तोडतानाचं वजन लिहून ठेवतात, वृषणाचा घेर टेपनं मोजतात. आपली गरज निराळी. आपल्याला काळ्या रानात वखर ओढणारा बैल हवा आणि घरात दूध हवं. शिवाय 2015 पासून राज्यात बैलाच्या आणि वळूच्याही कत्तलीला बंदी आहे. कामाला न येणारा गोऱ्हा जन्माला घातला तर त्याला जन्मभर चारा घालायचा कुणी? पण लिहून ठेवायची त्यांची सवय मला पटली. कोणती गाय कधी भरवली, काय झालं, दूध किती, एवढं मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितो.

आणि वळू कितीही जीव लावणारा निघाला तरी तिसऱ्या वर्षी बदलावा. त्याच्या लेकी माजावर यायच्या आत तो दुसऱ्या गावी गेलेला बरा. उदगीरचा खोंड निघाला त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही, तरी पाठवला. त्याच्या चार लेकी आज गोठ्यात आहेत, आणि चौघींच्याही धारेला भाला लागत नाही.

यंदा वळू घ्यायला कुठं गेलात तर संध्याकाळपर्यंत थांबा. त्याच्या आईची धार बघितल्याशिवाय किमतीचं बोलू नका.